वाऱ्याच्या गावी घर बघायला

लेथब्रिजला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या टोरांटोजवळच्या मार्कहॅमच्या महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या बायकांनी विचारलं, तिथे बघण्यासारखं काय आहे? उरलेल्यांनी विचारलं, तिथे घरं खरंच इतकी स्वस्त आहेत का? दोन्हींची उत्तरं एकदाच लिहून टाकते, म्हणजे दर हळदीकुंकवाला तेच तेच सांगायला नको. बघण्यासारखा एक पूल आहे, एक नदी आहे आणि गरजेपेक्षा जास्त आकाश आहे. घरं स्वस्त आहेत. आता बाकीचं सांगते.

लेथब्रिज हे कॅनडाच्या दक्षिण अल्बर्टातलं कॉलेजचं गाव. एक युनिव्हर्सिटी, एक कॉलेज आणि विद्यार्थ्यांच्या जिवावर चालणारी पिझ्झाची दुकानं. अमेरिकेची सरहद्द तिथून तासाभरावर. आम्ही काही तिथे हौसेने फिरायला गेलो नव्हतो. दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात यांची नोकरी गेली. हे म्हणजे माझे यजमान, अनिल. पुण्याचे, सॉफ्टवेअरवाले, वय छप्पन्न. या वयात इंटरव्ह्यूला गेलं की समोर आमच्या मुलीच्या, ऋचाच्या वयाची मुलं बसलेली असायची. हे घरी यायचे आणि गराज आवरायला घ्यायचे. ऑक्टोबरपर्यंत आमचं गराज इतकं लख्ख झालं की मला तिथे पाऊल टाकायची भीती वाटायला लागली.

अशात एका जुन्या सहकाऱ्याने लेथब्रिजच्या कॉलेजातल्या शिकवायच्या नोकरीबद्दल सांगितलं. जानेवारीपासून प्रोग्रॅमिंग शिकवायचं, जमलं तर पुढे कायम. यांनी अप्लाय केलं, फोनवर बोलणं झालं, आणि तिथल्या विभागप्रमुख बाईंनी कळवलं की एकदा येऊन जा, मिसेसनाही आणा, गाव बघा. यांचं सगळं मनात ठरलं. मार्कहॅमचं घर विकायचं, तिथे बंगला घ्यायचा, म्हातारपणाची सोय. मला कुणी विचारलंच नाही असं म्हटलं तर अन्याय होईल. यांनी विचारलं होतं, “तुला चालेल ना?” मी म्हटलं, “मला काय, चालेल.” विषय संपला.

मला चालवून घ्यायची सवय आहे. लग्न होऊन नागपूरहून पुण्याला आले. पुण्याहून मॉन्ट्रियल. तिथे मी थंडीत कुडकुडत फ्रेंचच्या क्लासला जायची, आणि बेकरीतल्या बाईशी दोन वाक्यं धड बोलता यायला लागली तोच यांना व्हँकुव्हरकडे नोकरी लागली. मग तिथलं सरे. तिथे पंजाबी शेजारणींच्या ओट्यावर बसून गप्पा मारायला शिकले, तर मार्कहॅम. मार्कहॅममध्ये माझी डेकेअरमधली नोकरी आहे, मंडळ आहे, मेथी मिळते. ऋचा आमची एकुलती एक, टोरांटोत काँडोत राहते. तिला फोन करून सांगितलं तर म्हणाली, “आई, डू व्हॉटेव्हर मेक्स यू हॅपी.” मला वाटलं होतं ती म्हणेल, इतक्या लांब कशाला, जाऊ नका. तोंडदेखलं म्हणाली असती तरी चाललं असतं. पण पोरगी इथे वाढली. तिला तोंडदेखलं बोलता येत नाही. मी फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली.

कॅलगरीहून खाली

कॅलगरीला विमानातून उतरून भाड्याची गाडी घेतली आणि दक्षिणेला निघालो. दोन तास रस्ता सरळ. डाव्या हाताला कापणी झालेली पिवळी शेतं, उजव्या हाताला लांबवर रॉकीजची निळी रेघ, आणि मध्ये काहीही नाही. सुरुवातीला मी “काय मोकळं आहे नाही!” असं म्हटलं. पाऊण तासाने तेच वाक्य मनात आलं तेव्हा त्यातला आनंद गेला होता. पुढे पवनचक्क्या लागल्या, उंचच उंच, पांढऱ्या, सगळ्या एका दिशेला तोंड करून. त्या तिथे का उभ्या केल्या आहेत हे मला लवकरच कळलं.

एका पेट्रोल पंपावर वॉशरूमला जायला म्हणून मी गाडीचं दार जरासं उघडलं. पुढचं वाऱ्याने केलं. दार माझ्या हातातून हिसकलं गेलं, कडाड असा आवाज झाला आणि ते उलट्या बाजूला वाकून राहिलं. बंदच होईना. पंपावरचा एक दाढीवाला माणूस सावकाश चालत आला, दाराकडे बघून मान हलवली, आणि म्हणाला की इकडे गाडी लावताना नेहमी नाक वाऱ्याकडे करायचं, हे कुणी सांगितलं नाही का तुम्हाला? नाही सांगितलं. आम्ही तिघांनी मिळून दार ढकललं आणि माझ्या ओढणीने आतल्या कडीला बांधलं. नव्या गावात आमचा प्रवेश असा झाला: मी एका हाताने ओढणी धरलेली, आणि शिट्टी वाजवत आत शिरणाऱ्या वाऱ्यामुळे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. हे मात्र खुशीत होते. “हवा बघ किती स्वच्छ आहे!” असं काहीतरी ओरडून म्हणाले.

गाव नदीच्या दोन्ही अंगांना आहे. नदी खोल दरीत, आणि तिच्यावरून रेल्वेचा लांबलचक लोखंडी पूल जातो. त्यावरून मालगाडी जाताना बघत आम्ही बराच वेळ उभे होतो. तिचे डबे संपता संपत नव्हते. दरीच्या दोन्ही कडांच्या टेकड्यांवर झाड औषधाला नाही, नुसतं वाळलेलं गवत. उन्हाळ्याच्या अखेरीस विदर्भातली टेकाडं अशी दिसतात. हे मी यांना सांगितलं तर यांना आनंद झाला. मी ते कौतुकाने म्हटलंय असं त्यांना वाटलं.

घरं

दुसऱ्या दिवशी डेल नावाचे रिअल्टर आम्हाला घरं दाखवायला आले. उंच, शांत, गुडघे दुखत असावेत असे चालणारे गृहस्थ. प्रत्येक घराच्या दारात ते आधी बूट काढायचे, त्यामुळे मला ते आवडले. टोरांटोकडे रिअल्टर बोलत सुटतो. डेल दार उघडून बाजूला उभे राहायचे आणि विचारलं तरच सांगायचे. घराला बेसमेंट आहे? आहे. बर्फ फार पडतं? पडतं, पण वारा उडवून नेतो. शेजारी कोण? एक निवृत्त प्रोफेसर आणि त्यांचं कुत्रं.

नव्या घरात शिरलं की मी आधी बघते, देव कुठे बसतील. मग डबे कुठे राहतील. असं मी किती स्वयंपाकघरांत उभी राहिलेय कोण जाणे. शेवटचं घर एका गल्लीच्या टोकाला होतं, दरीच्या कडेशी. मागे क्रॅबॲपलचं झाड, लालचुटूक बारक्या फळांनी लगडलेलं, आणि त्याखाली एक हरीण पाय दुमडून बसलेलं. आम्ही खिडकीशी गेलो तरी उठलं नाही. सिंकच्या वरच खिडकी. भांडी घासताना थेट दरी दिसावी अशी. देवांना पूर्वेचा कोपरा होता. मार्कहॅममधलं आमचं सगळं घर त्याच्या वरच्या मजल्यावर मावलं असतं.

मला ते घर आवडलं. पण डबे लावायला हात उचलतोय असं नुसतं डोळ्यांपुढे आलं आणि खांदे गळून गेले. पुन्हा नवा डॉक्टर शोधायचा, कुठल्या दुकानात डाळ बरी मिळते ते शोधायचं, आपलं नाव रोज नव्या माणसाला तोडून तोडून सांगायचं. हे डेलना घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसबद्दल विचारत होते, आवाजात कितीतरी महिन्यांनी जीव आला होता. मी खिडकीतून हरणाकडे बघत बसले.

देवीमायाकडे

दुपारी डाळींचं दुकान शोधायला गेलो. एका ग्रोसरीत मागच्या रांगेत मसूर, मूग, तांदळाची पोती दिसली, आणि त्यांच्यासमोर माझ्याहून थोडी मोठी एक बाई उभी. जाड जॅकेट, खाली साडी, कपाळावर लाल टिळा. तिने माझं मंगळसूत्र बघितलं आणि हिंदीत विचारलं की इंडियातल्या का? तिचं नाव देवीमाया. ती भूतानची, पण बोली नेपाळी. त्या लोकांना भूतानमधून बाहेर पडावं लागलं, मग अठरा वर्षं नेपाळमधल्या छावणीत झोपडीत काढली, आणि तिथून कॅनडाने आणलं. लेथब्रिजमध्ये तिच्या ओळखीची बरीच घरं आली आहेत. एवढं सांगून होईपर्यंत तिने माझ्या हातातली टोपली घेतली होती. जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाली.

आमचं जेवण झालं होतं. तसं सांगितलंही. त्याने काही फरक पडला नाही. तिच्या अपार्टमेंटमध्ये आम्हाला सोफ्यावर बसवलं आणि भात, काळी डाळ, सुकवलेल्या भाजीचा आंबटसर रस्सा, आणि तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोल कडबोळ्यासारख्या सेल रोट्या पुढे आल्या. मी नको म्हटलं की वाढायची. हात आडवा धरला की हाताच्या बाजूने वाढायची. मी नागपूरची, आमच्याकडे पाहुणा उठताना धापा टाकत नसेल तर यजमानाला झोप लागत नाही. पुण्याच्या माणसाचं वेगळं. तो स्वतः आग्रह करणार नाही, पण करून घ्यायला त्याची तयारी असते. हे तीन वेळा “बस, बस” म्हणत चार रोट्या खाऊन गेले.

मी तिला विचारलं, इथे करमतं का? ती हसली. म्हणाली की वारा आवडत नाही, पण नातवंडं शाळेत जातात. आणि मग, माझ्या ताटात डाळ ओतता ओतता:

“मैं तो नहीं आऊँगी बोली थी. उधर ही मरूँगी बोली. बेटा रोज पूछा. एक बार पूछता तो नहीं आती.”

यांनी घड्याळ बघितलं. संध्याकाळी विभागप्रमुख बाईंकडे जेवायला जायचं होतं आणि साडी नेसायला मला वेळ लागतो. देवीमायाने निघताना उरलेल्या रोट्या फॉइलमध्ये बांधून दिल्या.

जेवण

त्या वाऱ्यात साडी नेसायचा निर्णय माझाच, त्यामुळे तक्रार नाही. गाडीपासून विभागप्रमुख ज्युडिथबाईंच्या दारापर्यंत मी निऱ्या दोन्ही हातांनी धरून पोचले आणि त्यांनी दार उघडलं तेव्हा पदर माझ्या डोक्यावर होता. त्यांना वाटलं आमची तशी रीत आहे.

बाई छान होत्या. साठीच्या आसपास, करडे आखूड केस, स्पष्ट बोलणं. आमच्यासाठी मुद्दाम भाज्यांचा लझान्या केला होता. इकडे साडेपाचला जेवतात, म्हणजे आपल्याकडे चहाची वेळ, आणि आमच्या पोटात देवीमायाच्या रोट्या. तरी सफरचंदाचा पाय, म्हणजे त्यांचा सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, आला तेव्हा वासाने माझी वासना चाळवली. बाईंनी विचारलं, पाय घेणार? मी सवयीने म्हटलं, नको, नको. बाई ‘ओके’ म्हणाल्या आणि पाय स्वयंपाकघरात गेला. इतकी वर्षं या देशात काढली, पण जिभेला अजून वळण लागत नाही. पहिल्या नकाराला आपल्यात नकार समजत नाहीत. तो नुसता दारावरचा पडदा असतो. इथे ते दारच असतं.

मी पायचं दुःख गिळत होते तेवढ्यात बाईंनी यांना विचारलं. सरळ विचारलं, “सो, अनिल. डू यू वाँट द जॉब?”

यांनी चमचा खाली ठेवला. हसले. ते हसू मी ओळखते. लग्नात पहिल्या पंगतीला बसा म्हटलं की येतं ते.

“ओह, यू मस्ट हॅव सो मेनी यंगर पीपल. प्लीज डोंट ट्रबल युवरसेल्फ फॉर मी.”

बाई यांच्याकडे दोन क्षण बघत राहिल्या. त्यांचा चेहरा जरा उतरला. म्हणाल्या की स्पष्ट सांगितलंत, बरं झालं. उगाच कुणाला ओढून आणणं त्यांनाही पटत नाही. मग विषय विंटर टायर्सवर गेला. मी टेबलाखालून यांच्या पायावर पाय दिला. यांनी आपला पाय सौजन्याने बाजूला घेतला.

गाडीत बसल्यावर हे आनंदात होते. जेवण चांगलं झालं, बाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत, असं चाललं होतं.

“तुम्ही नाही म्हणालात,” मी म्हटलं.

“नाही कुठे म्हणालो? रीत म्हणून आपलं...”

“त्यांनी ते नाही धरलं.”

“पुन्हा विचारतील की.”

“अहो, पाय गेला ना आत? परत आला?”

हे बराच वेळ गाडी सुरू न करता स्टिअरिंग धरून बसले. मग एकदम खूप थकलेले दिसले, नोकरी गेली त्या दिवशी दिसले होते तसे. मला वाईट वाटलं. सोन्यासारखी संधी दारात आली आणि या माणसाने तिला पाट मांडून, ‘आम्ही कसले, तुम्हीच बसा’ म्हणून परत पाठवलं. मी म्हटलं, सकाळी जा आणि हवंय म्हणून सांगा. तर म्हणाले, तोंडाने हवंय कसं म्हणायचं? 

परत

सकाळी कॉलेजच्या पार्किंगमध्ये नाक वाऱ्याकडे करून गाडी लावली. हे आत गेले. दाराला ओढणी होतीच. मी फॉइल उघडून सेल रोटी खात बसले. माझ्या मनात काय होतं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते: जागा गेलेली असू दे, असं होतं. आणि ती मिळू दे, असंही होतं.

हे बाहेर आले ते जवळजवळ पळत. त्यांनी म्हणे खरंच सांगितलं, आय वाँट दिस जॉब. बाई खुर्चीत मागे टेकून हसल्या. दुपारी दुसऱ्या उमेदवाराला फोन करणार होत्या. मग काल ‘नाही’ का म्हणालात, असं त्यांनी विचारलं. नोकरी यांची झाली. गाडीत बसून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “झालं. ते क्रॅबॲपलचं घर. तुला चालेल ना?”

“मला काय, चालेल.”

यांनी गाडी सुरू केली.

पवनचक्क्या येईपर्यंत मी गप्प होते. हे शीळ घालत होते, पडदे कसे लावायचे ते सांगत होते. आणि मला इतका राग आला की माझा मलाच परका वाटावा. मी म्हटलं, “काल त्या बाईने दुसऱ्यांदा विचारलं नाही तर रात्रभर तुमचा डोळा लागला नाही. मला मॉन्ट्रियलच्या वेळी दुसऱ्यांदा विचारलंत? सरेच्या वेळी? आत्ता?”

यांनी थोडं पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. वाऱ्याने गाडी हलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, “बरं. सांग. यायचंय तुला?”

“मला काय...”

“नाही, खरं सांग.”

“नाही,” मी म्हटलं. “मला नाही यायचं. घर चांगलं आहे, गाव चांगलं आहे. पण मी दमले आहे हो.” आणि रडले. पदर नव्हता, ओढणी दाराला बांधलेली, त्यामुळे पेट्रोल पंपावरच्या कागदाने डोळे पुसले.

कॅलगरीच्या विमानतळावर यांनी मला चहा आणून दिला आणि म्हणाले, राहू दे मग, नाही म्हणून कळवतो, काही अडलेलं नाही. मी नागपूरची आहे. पहिला नकार मी ऐकत नाही. म्हटलं, जायचंय ना तुम्हाला? म्हणाले, राहू दे गं. मी म्हटलं, खरं सांगा. मग कपाकडे बघत म्हणाले, जायचंय. घरात बसून गराज आवरायला मला आणखी जमणार नाही.

म्हणून जानेवारीत हे एकटेच गेले. एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहतात. बरोबर मेतकूट, भाजणी आणि लाडू दिलेत, पण रविवारी जेवायला देवीमायाकडे असतात आणि वजन वाढलं म्हणून सांगतात. वर्गातली मुलं यांना ‘सर’ न म्हणता नावाने हाक मारतात. आधी राग यायचा, आता येत नाही. मी इथे ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करते. ऋचा पूर्वीपेक्षा जास्त वेळा येऊन जाते, का ते तिने सांगितलं नाही. मंडळात बायका विचारतात, घर कधी विकताय? मी म्हणते, विकत नाही. मग एकमेकींकडे बघतात. ज्यांना आमच्यात काही बिनसलंय असं वाटतं त्यांना वाटू दे.

मागच्या रविवारी यांचा फोन आला. क्रॅबॲपलचं घर कुणी घेतलेलं नाही म्हणाले. डेल रस्त्यात भेटले होते. गुडघ्याचं ऑपरेशन करून घेणार आहेत. ते हरीणही दिसलं, की दुसरं कुठलं तरी. वारा चालू आहे. मग जरा थांबून म्हणाले, मे महिन्यात टर्म संपते, दरीत तेव्हा हिरवं होतं असं सगळे सांगतात, येतेस का?

“नको,” मी म्हटलं. “डेकेअरमध्ये रजा मिळायची नाही.”

पलीकडे काही वेळ नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. फोन ठेवला की काय, असं मला वाटलं. मग यांनी पुन्हा विचारलं.